पाठीवर पडून काढलेली रेघ

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि पेनाच्या टोकाने मला जागा दाखवली. पाठीच्या मध्यावर दोन मणके एकमेकांवर दबून बसले होते आणि त्यांच्यामधली जागा वाळवी लागलेल्या लाकडासारखी दिसत होती. मणक्याचा टीबी. तोवर टीबी म्हणजे खोकला असंच मी समजत होते. मला खोकला कधी आलाच नव्हता. पाठ दुखत होती, पण आमच्या धंद्यात पाठ कुणाची दुखत नाही?

आमचा धंदा साड्यांची डिझाइनं काढण्याचा. सुरतेच्या रिंग रोडवरच्या एका मार्केटात, वरच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या स्टुडिओत मी लग्नाआधीपासून कामाला होते. मोठ्या स्क्रीनवर वाकून, थेट तिच्यावरच पेन टेकवून बुट्टे, वेली, काठ, पदर काढायचे. सकाळी वाकलेली मान संध्याकाळी सरळ व्हायची ती लिफ्टच्या आरशासमोर.

"औषधं वर्षभर तरी चालतील," डॉक्टर म्हणाले. "पण पहिले काही महिने आडवंच राहायचं. उठायचं ते जेवायला आणि बाथरूमला, तेही पाठीला पट्टा बांधून. मज्जारज्जूला सूज टेकलेली आहे. दाब वाढला तर पाय जातील."

"जातील म्हणजे?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"चालणार नाहीत."

नवऱ्याने मान हलवली, जणू काही रस्ता समजावून घेतला. तो सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कापडाच्या प्रोसेसिंग मिलमध्ये फिटर आहे. बिघाड कुठे आहे ते कळलं की त्याला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. मला मात्र त्या क्षणी पायांची बोटं चपलेत हलवून बघावीशी वाटली, आणि मी ती हलवली.

आम्ही डिंडोलीत राहतो. गल्लीत निम्म्या घरांमधून खानदेशचीच बोली ऐकू येते. तरी माझी सासू सुरतेत फारशी टिकत नसे. इथलं पाणी तिला बेचव लागायचं. यावेळी मात्र निरोप मिळाल्याबरोबर ती नंदुरबारकडून निघून आली, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या पलंगाशेजारी स्टूल ओढून बसली. त्या दिवसापासून ते स्टूल तिथून हललं नाही.

ती माझ्यावर पहारा करायची. दुसरा शब्द मला सुचत नाही. मी कूस बदलायला लागले की तिचा हात पुढे यायचा. उशीखालचा फोन घ्यायला कोपरावर जरा उठले तरी म्हणायची, "उठू नको माय. डाक्टरनी काय सांगेल शे?" रागावून नाही, पण असं की पुढे बोलायची सोय नाही. सकाळ-संध्याकाळ ती माझ्या तळव्यावर नखाने रेघ ओढायची आणि विचारायची, "लागस का?" लागतं म्हटलं की पुन्हा स्टुलावर.

शेठचा फोन आला तेव्हाही ती तिथेच होती. शेठ म्हणजे स्टुडिओचे मालक, गुजराती, माझ्यापेक्षा थोडेच मोठे. माणूस वाईट नाही. आधी तब्येत विचारली, मग खूप वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "बेन, लग्नसराईचा माल लागायला लागलाय. व्यापारी उभे आहेत. आणि हवे तो कम्प्यूटर पोतेच डिझाइन बनावे छे."

कॉम्प्युटर स्वतःच डिझाइन बनवतो, हे खरं होतं. मी पडायच्या आधीच स्टुडिओत तसं एक सॉफ्टवेअर आलं होतं. दोन शब्द लिहिले की फुलंच फुलं. ती फुलं साडीभर एकाला एक जोडून बसवताना सांधे उघडे पडायचे आणि मग आम्हाला ती दुरुस्त करावी लागायची. पण हळूहळू आमचं काम दुरुस्तीपुरतंच उरत चाललं होतं, आणि दुरुस्तीला माझ्याइतकी जुनी बाई कशाला लागते?

"महिनाअखेरपर्यंत तुमची खुर्ची ठेवतो," शेठ म्हणाले. "घरून काही जमलं तर पाठवा. नाही जमलं तर मनावर घेऊ नका."

फोन ठेवला आणि मी छताकडे बघत राहिले. घरून. खुर्चीशिवाय, टेबलाशिवाय, उताणं पडून.

त्याच दुपारी मी कागद मागून घेतला. पॅड डोळ्यांवर धरून बॉलपेनने वेल काढायला लागले. वेलीची चार पानं झाली आणि पेन सुकलं. शाई खाली उतरते, वर चढत नाही, हे मला तेव्हा कळलं. पेन्सिलीने रेघ आली, पण तसा कागद शेठच्या कामाचा नव्हता. त्यांना हवी होती थर वेगळे असलेली फाइल, रंग बदलता येतील अशी.

तेव्हा टॅब्लेटचा विचार आला. हातात धरता येईल असा, पेनाने काढता येईल असा, कुठेही नेता येणारा. रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "मला एक टॅब्लेट घ्यायचा आहे."

सासू भाकरी मोडता मोडता थांबली. "गोळ्या त रोज खास तू. आनि कितल्या टॅबलेट लेशी?"

नवरा हसला, मीही हसले, पट्ट्यात हसणं अवघड जात होतं तरी. सासू हसली नाही. ती गोळी नसून पाटीसारखं एक यंत्र आहे आणि मला त्यावर काम करायचं आहे, हे समजल्यावर तर तिचा चेहरा आणखीच आवळला. "काम," एवढंच ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

मी फोनवर शोधायला लागले. टॅब्लेटची तुलना करणारे व्हिडिओ एकापाठोपाठ एक बघितले. स्क्रीन केवढी, रंग किती खरे, बॅटरी किती चालते, पेन चार्ज करावं लागतं की नाही, हात टेकला तर डाग उमटतात का. सगळे जण टेबलाशी बसून काढत होते. एक जण कॅफेत बसला होता, एक जण विमानात. उताणं पडून कुणीच काढत नव्हतं. एका ठिकाणी मी प्रश्न लिहिला की झोपून, टॅब्लेट चेहऱ्यावर टांगून काढायचं असेल तर कुठला बरा. कुणीतरी उत्तर दिलं की कुठलाही चालेल. दुसऱ्याने लिहिलं, मोठा घ्या, लांबून दिसेल.

शेवटी दोनच उरले. एक मोठा, दोन वह्या शेजारी ठेवल्या तर होईल एवढा. दुसरा शाळेतल्या पाटीएवढा, हलका, पण त्याची माहिती कमी आणि तारीफ त्याहून कमी. नवऱ्याने मोठ्यालाच कौल दिला.

"तुला स्टुडिओत केवढ्या स्क्रीनची सवय आहे. छोट्यात डोळे फुटतील. घ्यायचा तर चांगला घेऊ."

"हातात धरल्याशिवाय कळणार नाही," मी म्हटलं.

"हातात कसा धरणार? तू कुठे जाणार आहेस?"

जायला एकच जागा होती. तपासणीची तारीख जवळ आली होती, आणि त्या दिवशी मला पट्टा बांधून, भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं करून हॉस्पिटलला न्यायचंच होतं. परतीच्या वाटेवर उधन्याला एक मोठं दुकान लागतं. मी नवऱ्याला सांगितलं. त्याला त्या दिवशी रजा मिळाली नव्हती, पहिली पाळी होती. तो म्हणाला, आई सोबत असेल, ती तयार झाली तर थांब.

सासूला मी गाडीतच सांगितलं, हॉस्पिटलमधून निघाल्यावर. डॉक्टरांनी पाय तपासून ठीक म्हटलं होतं, म्हणून मला धीर आला होता.

"थोडाच वेळ, आई. फक्त बघायचं आहे."

खिडकीबाहेर उधन्याचे कारखाने जात होते. मग तिने बाहेर बघतच बोलायला सुरुवात केली.

"मनी धाकली बहीण व्हती. तिले बी पाठमाच व्हतं. कापूस येचाले गयी. म्हने, मी बशीसन येचस. सांजले पाय लटकनात. मंग ती उठनीच नही."

तिला एक धाकटी बहीण होती, हे माझ्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं. तिलाही पाठीतच झालं होतं आणि बसून कापूस वेचते म्हणून ती शेतात गेली होती. पहाऱ्याचं कारण कळलं आणि त्याच क्षणी दुकान आलं. ड्रायव्हरने विचारलं, थांबायचं का. मी सासूकडे बघितलं.

"थांब म्हन त्याले," ती म्हणाली. पण उतरताना तिने माझा दंड असा धरला की बोटं रुतली.

दुकानात गारवा होता आणि पांढरे दिवे. टॅब्लेट एका लांब काउंटरवर मांडलेले होते, प्रत्येकाला मागून चोरी होऊ नये म्हणून वायर. विक्रेता तिशीचा, हिंदी बोलणारा. त्याने खुर्ची पुढे केली. "बैठिए मॅडम."

"मुझे लेटके देखना है," मी म्हटलं.

त्याला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. मी साडीवरून बांधलेला पट्टा दाखवला, आजार सांगितला, काम सांगितलं. त्याने आजूबाजूला बघितलं. भिंतीशी गिऱ्हाइकांना बसायला एक लांब लोखंडी बाकडं होतं, पण टॅब्लेटच्या वायरी तिथवर पोचत नव्हत्या, आणि वायर सोडवायची तर मॅनेजरची परवानगी हवी. मॅनेजर आला. तो म्हणाला, नियम नाही. विक्रेता हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहिला. मी उभी होते, आणि इतका वेळ उभं राहायची मला मुभा नव्हती. पाठीत गरम सळई फिरवल्यासारखं व्हायला लागलं.

सासूने कुणाला काही विचारलं नाही. ती बाकड्यापाशी गेली, एक टोक धरलं आणि फरशीवरून करकरत ओढायला लागली. अख्खं दुकान वळून बघायला लागलं. विक्रेता धावला आणि त्याने दुसरं टोक उचललं. बाकडं काउंटरला लागलं. मॅनेजर आत निघून गेला.

मी आडवी झाले. बाकडं अरुंद, खाली थंडगार लोखंडाच्या पट्ट्या. माझ्या बाजूने चपला, पायजमे, मुलांचे बूट जात होते. सासू पदर पसरून डोक्याशी उभी राहिली, लोकांची नजर अडवत. विक्रेत्याने मोठा टॅब्लेट दोन्ही हातांनी माझ्या चेहऱ्यावर धरला.

मी पेन टेकवलं. रेघ आली नाही.

पुन्हा टेकवलं, थोडं दाबून. रेघ उमटली, तुटली, पुन्हा उमटली. बघायला स्क्रीन सुंदर होती, रंग तर स्टुडिओतल्यापेक्षा खरे. पण रेघ धरत नव्हती. पेन बिघडलंय असं विक्रेत्याला वाटलं. त्याने दुसरं दिलं. तेच. मी पेन खाली घेऊन विचार केला आणि मग लक्षात आलं. टेबलावर काढताना हाताचं वजन आपोआप कागदावर पडतं. दाब मी देत नसते, हात देतो. उताणं पडल्यावर तेच वजन उलटं, माझ्या छातीकडे ओढत होतं. प्रत्येक रेघेसाठी मला वर ढकलावं लागत होतं आणि ढकललं की रेघ सुटायची, जाड व्हायची, नाहीतर विक्रेत्याचे हातच मागे जायचे. दहा-बारा रेघांत खांदा थरथरायला लागला.

"दूसरा दिखाओ," मी म्हटलं.

पाटीएवढा टॅब्लेट आला. पेन नुसतं टेकलं आणि ठिपका उमटला. मी दाबलं नव्हतं. मी हात तसाच हलका ठेवून एक कोयरी काढायला घेतली. बाहेरची कड आली, टोक वळलं, आतली वेल आली. स्क्रीन लहान होती, कोयरी मोठी करून बघावी लागत होती, रंग फिके होते. पण हात आणि रेघ यांच्यामध्ये काही नव्हतं. मी आत पाकळ्या भरायला लागले. दुकान, चपला, दिवे, सगळं कुठेतरी लांब गेलं. किती तरी आठवड्यांनी माझा हात मला सापडला होता, आणि मला तो सोडवत नव्हता.

"झायं का?" सासूने विचारलं. मी हं म्हटलं आणि काढत राहिले. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हं म्हटलं.

मग मी पाय सरळ करायला गेले आणि उजवं पाऊल मला सापडलं नाही.

मुंग्या नव्हत्या. पावलाच्या वरच्या बाजूला काहीच जाणवत नव्हतं, जणू तिथे कापड बांधलंय. अंगठा वर उचलायचा हुकूम मी दिला. अंगठा हलला नाही. मी टॅब्लेट बाजूला करायला सांगितलं. माझा आवाज अगदी साधा निघाला याचं मला आजही नवल वाटतं. "आई, माझ्या पायाला हात लावा."

तिने चप्पल काढली. मी छताकडे बघत होते. "लागस का?" तिने विचारलं. तिने जोरात चिमटा काढला असणार, कारण विक्रेता "अरे अरे" म्हणाला. "लागस का तुले?"

"नाही."

सासूने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोसला असता. पण तिला मी दिसतच नव्हते. दुसरीच कुणी दिसत होती.

गाडी वळवून आम्ही पुन्हा हॉस्पिटलला गेलो. विक्रेत्याने आणि ड्रायव्हरने मला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. उधन्याच्या पुलाखाली गाड्या अडकल्या होत्या. सासू पुढच्या सीटवरून हात मागे टाकून माझं पाऊल धरून होती. तिची मूठ मला दिसत होती, पण कळत नव्हती. मी मनात एकच हिशेब करत होते, की एका कोयरीसाठी मी पाय दिला का. पुलाखालच्या गाड्या हलत नव्हत्या.

डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. आम्हाला बाहेर थांबवलं. नवरा मिलमधून निघाल्याचा फोन आला. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मी दर थोड्या वेळाने अंगठ्याला हुकूम देत होते आणि तो ऐकत नव्हता. डॉक्टर आले ते टोपी डोक्यावर तशीच घेऊन. हातोडीने गुडघे ठोकले, तळव्यावर किल्ली ओढली, मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट दाबलं. पोटरीपासून पावलापर्यंत करंट गेला आणि मी ओरडले.

"आज कुठे झोपला होतात?" त्यांनी विचारलं.

सांगावं लागलं. दुकान, बाकडं, लोखंडी पट्ट्या.

"इथे कातडीखाली लगेच नस आहे. आजारात तुमचं वजन उतरलंय, अंगावर मांस नाही. ती पट्टी नेमकी इथे दाबली गेली. मला हे गुडघ्यातलं वाटतंय, पाठीतलं नाही." ते जरा थांबले. "पण वाटण्यावर सोडणार नाही. एमआरआय करू."

एमआरआयच्या नळीत मी यापूर्वी एकदा गेले होते, पण तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता माहीत होतं. डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर पांढरं छत, कानात खडखड. हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी हलले नाही. अंगठ्यालाही हुकूम दिला नाही. त्याने ऐकलं नसतं तर नळीत मला ते सोसलं नसतं.

निकाल आला तेव्हा सासू दाराशी भिंतीला टेकून उभी होती. बस म्हटलं तरी बसत नव्हती. डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि माझ्याशी न बोलता तिला जवळ बोलावलं. सोप्या शब्दांत म्हणाले, "आजी, पाठ चांगली आहे. सूज कमी झाली. पाय येईल, थोडे दिवस लागतील."

सासू मटकन खाली बसली, तिथेच फरशीवर, आणि पदर तोंडाला लावला.

डॉक्टर माझ्यावर रागावले. रागावून झाल्यावर म्हणाले, "एवढं काय बघायचं होतं त्या दुकानात?" मी सांगितलं. शेठ, महिनाअखेर, खुर्ची. ते ऐकत राहिले. "कोपरं उशीवर टेकवून करा. खांदा उचलायचा नाही. दमलात की थांबायचं, आणि गुडघ्याखाली मऊ काहीतरी. काम करू नका असं मी म्हटलेलं नाही. उठू नका असं म्हटलंय."

हे शेवटचं वाक्य सासूने ऐकलं. तिने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

नवरा आला तेव्हा त्याच्या हातात खोकं होतं. सीलबंद, मोठं. त्याने वाटेत उधन्याला थांबून मोठा टॅब्लेट घेतला होता. पाय गेला की काय या भीतीत असताना माणूस दुकानात का थांबतो, हे मी त्याला पुढे एकदा विचारलं. तो म्हणाला, रिकाम्या हाताने तुझ्यासमोर यायची छाती झाली नाही.

त्या वेळी मात्र त्याने खोकं माझ्या उशाशी ठेवलं आणि म्हणाला, "घे. आता दुकानात जायची गरज नाही."

मी खोक्याकडे बघत राहिले. हो म्हणणं किती सोपं होतं. दिवसभर इतकं झालं होतं की आणखी एक नाही म्हणायची ताकद नव्हती. पण तो टॅब्लेट ठेवला असता तर मी त्यावर काढू शकले नसते, आणि काढू शकत नाही हेही मला कधी सांगता आलं नसतं.

"हा नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "सगळ्यात चांगला आहे हा."

"चांगलाच आहे. पण मला तो वर ढकलावा लागतो. झोपून काढताना हात खाली पडतो, तो रेघेवर पडत नाही. तिथे नुसत्या स्पर्शाने उमटेल असाच हवा."

तो रागावला असं मला वाटलं. मग त्याने आपला उजवा हात वर केला, छताकडे, आणि मुठीत पाना असल्यासारखा फिरवला. कापड सुकवायच्या लांब मशीनखाली उताणं घुसून नट आवळायचं काम त्याचं रोजचं.

"मशीनखाली हात लवकर भरून येतो," तो हळूच म्हणाला. "हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?" आणि खोकं उचलून पुन्हा पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी तो बदलून आणायला गेला. मॅनेजरने आधी नाही म्हटलं, मग विक्रेता मध्ये पडला. छोटा टॅब्लेट घरी आला. नवऱ्याने पलंगाला एक नळी वेल्ड करून घेतली, पुढे वाकवता येईल असा हात, त्याच्या टोकाला पकड. बसवून झाल्यावर त्याने टॅब्लेटऐवजी आधी वीट अडकवली, स्वतः पलंगावर झोपला आणि सासूला नळी हलवायला सांगितली. वीट पडली नाही. मगच त्याने मला खाली झोपू दिलं.

पायात आधी अंगठा आला, मग पाऊल. पण हात लगेच आला नाही. सुरुवातीच्या वेली बारीक, भित्र्या यायच्या. मी पाठवलेली पहिली डिझाइनं शेठनी परत पाठवली. "बेन, लाइन ढीली छे." खरं होतं. मी पुन्हा काढली. उशांची जागा बदलली, टॅब्लेट आणखी जवळ घेतला, लहान लहान तुकडे काढून जोडायला शिकले. सासू स्टुलावर बसून तांदूळ निवडायची आणि मध्येच मान वर करून माझं कोपर उशीवर आहे का ते बघायची. उचललं गेलं तर नुसतं बोट दाखवायची. मी थांबले की तळव्यावर नख फिरवून विचारायची, आणि लागतं म्हटल्यावर म्हणायची, "काढ आते."

एकदा तिने स्वतःहून विचारलं की ही वेल जी इथे संपली ती तिथे कशी निघते. मी दाखवलं, कापडावर एक तुकडा दुसऱ्याला कसा जुळतो ते. तिने बराच वेळ बघितलं. मग बहिणीबद्दल बोलली. ती गोधडी शिवायची, टाके एवढे एकसारखे की उलटसुलट कळत नसे. खाटेवर पडल्यावर घरच्यांनी तिच्या हातातली सुई काढून घेतली होती, दमेल म्हणून. "घेवाले नको व्हती," सासू म्हणाली आणि तांदळाचं सूप पाखडत बाहेर गेली.

महिनाअखेरीला शेठनी माझी काही डिझाइनं घेतली, काही नाही. खुर्ची ठेवली नाही. तिथे आता ते सॉफ्टवेअर चालवणारी मुलगी बसते. पण काम येत राहिलं, काठांचं आणि जोडकामाचं, आणि कधीकधी एखाद्या जुन्या व्यापाऱ्याने मागितलेल्या अख्ख्या साडीचं. शेठ फोनवर आधी तब्येत विचारतात, मग इकडचं तिकडचं, मग काम.

डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली आणि पाठोपाठ चालायची. सासू त्याच आठवड्यात निघाली. नवऱ्याने स्टेशनला जायला रिक्षा बोलावली. मी पट्टा बांधून, कठड्याला धरून, एकेक पायरी करत खाली उतरले. ती नको म्हणाली नाही. गेटपाशी रिक्षा उभी होती. तिने पिशवी आत ठेवली, मग वाकून माझ्या पायांकडे बघितलं, उजव्या आणि डाव्या, पुन्हा उजव्या.

"जास मी," ती म्हणाली.

"पोचल्यावर फोन करा, आई."

रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली. मी थोडा वेळ गेटला धरून उभी राहिले, मग पाठीत गरम व्हायच्या आत वळले आणि जिना चढायला लागले.